कर्णकटू आणि घातक

फळ्यावर नख घासले गेले की सारा वर्ग शहारतो. परातीचा तळ उलथण्याने खरवडला, सायकलचा ब्रेक कर्रकन ओरडला, तरी दात शिवशिवतात. वास्तविक हे आवाज फार मोठे नसतात. मग अंगावर काटा का यावा?

१९८६ साली अमेरिकेतील हॅल्पर्न, ब्लेक व हिलेनब्रँड या संशोधकांनी दगडी पाटीवर बागेचे अवजार खरवडून तो आवाज लोकांना ऐकविला. त्यातील अतिउंच कंपने गाळली तरी त्रास कमी होईना. मधल्या पट्ट्यातील कंपने काढली तेव्हा कोठे तो घटला. २०११ साली ओएलर व रॉयटर यांनी हा पट्टा सेकंदाला २००० ते ४००० कंपनांचा असल्याचे दाखविले. आपल्या कानाची नळीच अशी घडली आहे की, सुमारे ३००० कंपनांचा स्वर तिच्यात आपोआप मोठा होतो. याच संशोधकांनी काही श्रोत्यांना 'हे आधुनिक संगीत आहे' असे सांगितले. त्यांना आवाज कमी बोचला. परंतु त्वचेवरील घामाची प्रतिक्रिया व्हायची ती झालीच. मनाची समजूत पटली, शरीराची नाही!

मला महत्त्वाचे वाटते ते येथेच. कानाला बोचते ते बहुधा क्षणात संपते व अपाय करीत नाही. अपाय करतो तो आवाज, ज्याच्याशी आपण मनाने जुळवून घेतलेले असते. माझे वडील वीस वर्षे एका पत्र्याच्या कारखान्यात ग्राइंडर चालवीत आहेत. "आता तो आवाज कळतसुद्धा नाही," असे ते म्हणतात. घरी मात्र त्यांना हाक दोनदा मारावी लागते. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज आठ तास काढले, तर कानातील सूक्ष्म केसपेशी कायमच्या मरू शकतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सवय झाली म्हणजे इजा थांबली असे नव्हे.

आम्हा भिंगारकरांना आवाजाचे नावीन्य नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र शेजारीच आहे. पण वरातीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे आम्ही हौसेने नाचतो, कारण तो आनंदाचा आवाज! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मोडली जाते तेव्हा तक्रार करणाराच अरसिक ठरतो. नख घासले की कानांवर हात ठेवणारे आपण त्या भिंतीपुढे लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहतो, याला काय म्हणावे?

तेव्हा आवडनिवड हे आवाजाचे माप नव्हे. कारखान्यातील कामगाराला कानांत घालायची बोळी मिळाली पाहिजेत, आणि मिरवणुकीतला कर्णा आवरला पाहिजे. फळ्यावरील नख कुणालाही बहिरे करीत नाही.