कॉम्प-ऑफ मिळाला, पण विश्रांती?

अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ होते तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट असते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, तर हिवाळ्यात साडेदहा तास. तिकडच्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे आठवड्याचे व्यवहार थांबले की इकडून नवी संगणकप्रणाली चालू करायची, हा हिंजवडी-खराडीपासून ऐरोलीपर्यंत अनेकांचा परिपाठ आहे. त्याला ‘रिलीज’ म्हणतात. रिलीजच्या आधीचे दोन-तीन आठवडे रोजचे बारा-चौदा तास कामात जातात. अखेर सगळे पार पडते, टीमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश येतात आणि मॅनेजर सांगतो, ‘दोन दिवस कॉम्प-ऑफ घ्या. फक्त फोन चालू ठेवा.’

या शेवटच्या चार शब्दांबद्दल आज लिहायचे आहे.

कॉम्प-ऑफच्या दिवशी घरात काय दिसते, हे आयटीत मुलगा, सून किंवा जावई असलेल्यांना वेगळे सांगायला नको. माणूस थकलेला असतो, पण झोपत नाही. दुपारी आडवा होतो आणि अर्ध्या तासात उठून ‘जरा बघतो’ म्हणत लॅपटॉप उघडतो. जेवणात लक्ष नसते, मुलांवर उगाच खेकसतो. ‘अरे, आता झोप की निवांत,’ असे आई दहा वेळा सांगते, तरी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बोट फिरत राहते. घरच्यांना तो हट्ट वाटतो. त्यालाही वाटते की आपल्याला साधे विश्रांती घेणेही जमत नाही.

जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी कामानंतरच्या विश्रांतीवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २०१८ साली त्यांनी ‘विश्रांतीचा विरोधाभास’ मांडला. ज्यांच्यावर कामाचा ताण सर्वाधिक, त्यांना विश्रांतीची गरजही सर्वाधिक. पण कामातून मन सुटणे, नीट झोप लागणे, व्यायाम होणे हे सारे नेमके त्यांच्याच बाबतीत सर्वांत कमी घडते. चालायला जाणे, मित्राला भेटणे, स्वयंपाकात हात घालणे यांनाही थोडी उमेद लागते आणि ती कामातच संपलेली असते. मग उरतो तो हातातला फोन, कारण त्याला काहीच उमेद लागत नाही.

शरीराचीही एक बाजू आहे. ताणाच्या काळात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके शरीराला सज्ज ठेवतात. ही सज्जता बटण दाबल्यासारखी बंद होत नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या रुग्णांनी रोजच्या ताणाची नोंद ठेवली. ताण किती होता यापेक्षा तो उतरणे अधिक निर्णायक ठरले. उतरल्यानंतरच्या अठरा तासांपर्यंत डोके उठण्याचा धोका वाढलेला आढळला. अभ्यास अवघ्या १७ जणांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण सुट्टीच्या पहिल्याच दिवशी डोके धरून बसणारे अनेकांच्या ओळखीचे असतील. त्यात रिलीजच्या रात्री रिचवलेली कॉफी. कॅफीनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला कप सकाळी नऊला अंथरुणावर पडलेल्या माणसाला सहज जागे ठेवू शकतो.

तरीही संप्रेरके आणि कॉफी यांनी सगळे उलगडत नाही. त्यांचा अंमल दिवसभरात ओसरायला हवा, मग दुसऱ्या दिवशीही माणूस अस्वस्थ का? इथे एक जुना आणि वेगळ्याच क्षेत्रातला अभ्यास उपयोगी पडतो. १९८८ साली स्वीडनमधील संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनीअरांच्या झोपेचा अभ्यास केला. काही रात्री यंत्राचा इशारा वाजला तर उठायची जबाबदारी त्यांच्यावर असे, काही रात्री नसे. मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्यावर दिसले की जबाबदारीच्या रात्री त्यांची झोप उथळ होती. इशारा वाजून झोपमोड झाली तर ते समजण्यासारखे आहे. पण पहिला इशारा वाजण्याच्या आधीही झोप बिघडलेलीच होती. कधीही उठावे लागेल, या नुसत्या जाणिवेने ती पोखरली होती.

जहाजाच्या जागी सर्व्हर ठेवा, इशाऱ्याच्या जागी मोबाइलवरचा अलर्ट. जर्मनीतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कामाबाहेरच्या वेळेत संपर्कात राहणे बंधनकारक असलेल्या दिवसांनंतर सकाळी कर्मचाऱ्यांची मनःस्थिती अधिक वाईट आणि कॉर्टिसॉलची वाढ अधिक आढळली. असा वेळ फुरसत म्हणून धरता येणार नाही, असे त्या संशोधकांनी म्हटले आहे. या निकषावर पाहिले तर ‘फोन चालू ठेवा’ असे सांगून दिलेला कॉम्प-ऑफ म्हणजे घरी बसून केलेली पाळी आहे. रजेच्या खात्यात ती सुट्टी म्हणून वजा होते, ही आणखी एक गंमत.

मग करायचे काय? ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. कंपनीने ध्यानधारणेच्या अॅपची वर्गणी भरावी आणि रात्री अकराला त्याच फोनवर मीटिंग लावावी, हे तर विनोदीच. अर्धवट राहिलेले काम डोक्यात घोळत राहते, पण ते पुढे कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरवले की घोळणे कमी होते, असे मसिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ साली दाखवले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची नोंद करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. म्हणून रिलीजनंतर निघण्याआधी काय बाकी आहे, कोणती त्रुटी थांबू शकते, कोणती नाही आणि ती कोण पाहणार, हे लिहून पुढच्या माणसाच्या हाती द्यावे. रुग्णालयातल्या परिचारिका पाळी संपताना वॉर्डाची माहिती अशीच सोपवून जातात. औषधाची वेळ सांगायला त्यांना घरी फोन करावा लागला, तर तो सोपवण्यातला दोष मानला जातो.

घरच्यांनीही पहिल्या दिवशी ‘झोप, झोप’ चा धोशा लावू नये. रात्रभर जागलेल्याने सकाळी दोन-तीन तास झोपावे, दुपारी उठावे, संध्याकाळी उजेड असताना बाहेर पडावे आणि रात्री नेहमीच्या वेळी अंथरूण धरावे. दिवसभर झोपून काढले तर घड्याळ आणखी उलटे होते. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. तबला असो, टेकडी चढणे असो की मुलीला सायकल शिकवणे असो, ज्यात हात आणि लक्ष दोन्ही गुंततात असे काही काम मनाला लवकर सोडवते.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप नीट लागत नसेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर झोपेच्या गोळ्यांआधी वर्तनोपचार सुचवले जातात, त्यासाठी डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखणे, धाप लागणे अशा वेळी मात्र ‘ताणामुळे असेल’ म्हणून थांबू नये. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले आहे.

फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना, कामानंतर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याविषयी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट मात्र प्रत्येक मॅनेजर करू शकतो. रिलीजच्या वेळापत्रकात ‘पुढचे दोन दिवस फोन कोण उचलणार’ असा एक रकाना असावा. त्यात रात्रभर जागणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव नसावे आणि ते नाव रिलीजच्या आधीच भरलेले असावे. ग्राहकाला चोवीस तास सेवा हवी असेल, तर या रकान्यातल्या माणसाचा पगारही कंत्राटाच्या किमतीत धरावा लागेल.