कोळशाच्या ४२ रुपयांचा हिशेब द्या!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

बटण दाबलं की खोलीत दिवा लागतो, कारखान्यात माग फिरू लागतो. ही वीज येते कुठून? चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी १९९९ पासून उभी आहे. तिच्या या टोकाला उजेड आहे, त्या टोकाला राख आहे! २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातले औद्योगिक पट्टे तपासले, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूरचा चौथा नंबर लागला. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या लोकांना हे सांगायला मंडळ कशाला हवं? त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरच ते लिहिलेलं असतं.

या लोकांसाठी कायदा नाही असं नाही. २०१५ साली खाण कायदा दुरुस्त झाला आणि खाणीच्या जिल्ह्यांत ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ आलं. हिशेब बोटांवर मोजण्यासारखा आहे. हजार रुपयांच्या कोळशावर शेकडा १४ प्रमाणे १४० रुपये स्वामित्वधन. जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणींनी त्याच्या शेकडा ३० इतकी रक्कम, म्हणजे ४२ रुपये, बाधित गावांसाठी वेगळी भरायची. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजालाही हाच कायदा लागू आहे.

हे ४२ रुपये म्हणजे कुणा साहेबाची खैरात नव्हे! ज्यांची जमीन गेली, जंगल गेलं, विहिरीचं पाणी बिघडलं, त्यांचा तो हक्काचा पैसा आहे. पिण्याचं पाणी, दवाखाना, शाळा, बायामाणसांचं आणि पोराबाळांचं आरोग्य यांवर तो आधी खर्च झाला पाहिजे, असं नियमच सांगतो. उद्या तोच पैसा शहरातल्या कमानींना आणि कारंज्यांना लागला, तर त्याला विकास म्हणायचं की दरोडा?

अनुसूचित क्षेत्रात या पैशाच्या प्रत्येक योजनेला ग्रामसभेची मंजुरी लागते. पण कागद साहेबी भाषेत आणि ग्रामसभा माडिया-गोंडीत, तर मंजुरी कशाची आणि कुणाची? लोकांना कळेल अशा भाषेत राज्य चालावं, म्हणून तर १०६ हुतात्म्यांनी रक्त सांडलं. मराठी माणसाने आपल्यासाठी जे मागितलं, ते गोंड भावाला नाकारायचं, ही कुठली रीत?

तुम्ही म्हणाल, चांद्याच्या कोळशाचं आम्हाला काय? गड्यांनो, १९९१ चा ५८ वा नियम आठवा! गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, उरलेला मालकाला. २००१ साली त्यात एक दुरुस्ती आली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची होईल, असं ठरलं आणि तुमच्या घरांची जमीन कागदावरच आटली! हक्क मिळतो चळवळीने. पण पहारा सुटला की तो एका ओळीत जातो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. किती रक्कम जमा झाली, कुठल्या गावात, कशावर खर्च झाली, याचा फलक मराठीत आणि गोंडीत प्रत्येक बाधित गावाच्या चावडीवर लागलाच पाहिजे! ग्रामसभेच्या होकाराशिवाय एक पैसाही हलता कामा नये!

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला खर्चाचा न्याय्य वाटा देण्याचा शब्द दिला होता. तो पाळणं हे मुंबईचंही काम आहे. चांदा ते बांदा महाराष्ट्र एक म्हणायचा, तर उजेडाबरोबर राखेचाही हिशेब एकत्रच मागितला पाहिजे.

जय महाराष्ट्र!