खड्डा आमचा, पाटी तुमची



वनखात्याच्या कागदांत एक गोड शब्द तीस-पस्तीस वर्षं वावरतोय : भागीदारी. लोकांच्या भागीदारीतून देशी झाडं पुन्हा लावायची, उजाड जंगल उभं करायचं. ऐकायला बरं वाटतं. पण एकच प्रश्न विचारा, या शब्दाची वाचा बसते. भागीदारीत आमचा वाटा काय?

आम्ही गोदीत ओझी वाहणारी माणसं. ओझं एकाच्या पाठीवर, मालाच्या कागदावर नाव दुसऱ्याचं, नफा तिसऱ्याचा, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. झाडांचंही तेच चाललंय. खड्डा खणतो भूमिहीन. रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरते त्याची बायको. आणि पाटीवर नाव मंत्र्याचं. साला, याला भागीदारी म्हणायची, मग वेठबिगार कशाला म्हणायचं?

१ जून १९९० ला केंद्र सरकारने परिपत्रक काढलं. गावाने उजाड जंगल राखायचं, बदल्यात उत्पन्नातला वाटा घ्यायचा. गावोगाव समित्या झाल्या. समितीचा सचिव कोण? वनखात्याचाच माणूस. जमीन खात्याची, सही खात्याची, राखण गावाची. पुढे महाराष्ट्र सरकारला आकड्यांचं वेड लागलं. २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य! लावली किती, हे सगळे विचारतात. कुठली लावली आणि कुणासाठी, हे कोण विचारणार?

डोंगरावर गिरिपुष्प दिसतं ना, ते मध्य अमेरिकेतलं. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. आपल्याकडची गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नको, राखण नको. लावणाऱ्याचा आकडा हिरवा राहतो, गावाच्या चुलीला आणि दावणीला त्याचा उपयोग थोडाच.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलू. देशी-परकी, शुद्ध-अशुद्ध ही भाषा आम्हाला नको. या भाषेने माणसांना गावाबाहेर ठेवलंय. आम्ही झाडांची जात विचारत नाही, झाड कुणाचं पोट भरतं ते विचारतो. मोहाची फुलं खाता येतात, त्याच्या बियांचं तेल निघतं. टेंभुर्णीच्या पानांवर विड्या वळल्या जातात. पळसाच्या पत्रावळ्या होतात. चारोळी आहे, हिरडा-बेहडा आहे. ही झाडं हवीत ती यासाठी. ती कुठं, किती लावायची हे कचेरीतला साहेब नाही, पहाटे रानात जाऊन फुलं वेचणारी बाई सांगेल.

हक्क मिळाला तिथं काय होतं तेही बघा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याने गावाला सामूहिक वनाचा हक्क दिला : राखायचा, वाढवायचा, विकायचाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने २००९ साली १,८०० हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळवला. तरी बांबू विकायचा परवाना खातं देईना. २०११ साली केंद्राच्या मंत्र्याला गावात येऊन तो द्यावा लागला. चंद्रपुरातल्या पाचगावला २०१२ साली हजारेक हेक्टर मिळाले. बांबूतून पैसा गावात आला, आणि त्याच गावाने जंगलाचा एक तुकडा देवराई म्हणून आपणहून राखून ठेवला. अमरावतीतल्या पायविहीरनं उजाड माळावर झाडं जगवली. हे कुणाच्या उपदेशाने झालं नाही. जंगल आपलं आहे हे कळलं, म्हणून झालं.

मग आमचं काय?

त्याच कायद्यात एक फणा काढलेलं कलम आहे. आदिवासी नसलेल्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहून जंगलावर जगल्याचं सिद्ध करायचं. हिशोब करा. ७५ वर्षं मागं गेलं की येतं १९३०. त्या सालच्या मार्चात आमची माणसं नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रहाला उभी होती. देवळाचं दार ज्याला बंद, त्याच्या नावाने कागद कोण लिहून ठेवणार होतं? नियमात म्हाताऱ्यांची साक्ष चालते असं लिहिलंय. कचेरीत मात्र म्हातारीला विचारतात, कागद हाय का? वनहक्क समितीत आदिवासींना आणि बायांना राखीव जागा आहेत. त्या त्यांच्या हक्काच्याच. पण भूमिहीन दलितासाठी एकही नाही.

आणि गायरान? दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९६४-६५ साली लाखो माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. १९९१ साली सरकारने निर्णय काढला : मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. आज २०-२५ नाही, ३० वर्षं उलटली, तरी कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर नाव नाही. गायरान कागदावर पडीक दाखवायचं आणि त्यावर वृक्षलागवड टाकायची, हा डाव आता ओळखला पाहिजे. ज्वारी उपटून लावलेला कडुनिंब देशी असला म्हणून काय झालं? तो आमच्या पोटावरच पाय आहे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ७५ वर्षांची अट काढा. तोवर म्हाताऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून माना. वनहक्क समितीत भूमिहीन दलितांना, त्यातही बायांना, जागा द्या. कसत असलेल्या गायरानावर एकही खड्डा पडता कामा नये. खड्ड्याची मजुरी वेळेवर द्या, आणि झाड मोठं झालं की त्याचं फळ, फूल, पान जगवणाऱ्याचं, हे लिहून द्या.

पोरांनो, आपापल्या गावी जा. ग्रामसभेत मागं, दाराशी बसू नका. पुढं बसा. गायरानाचा, जंगलाचा नकाशा मागा. रोपं कुठली आणली, पैसा किती आला, विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

झाडं आम्ही लावू. पिढ्यान्पिढ्या लावत आलोय, दुसऱ्यांच्या बांधावर. आता बांध कुणाचा ते आधी ठरवू, मग कुदळ उचलू.

जय भीम!