उचल

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आईला शेण लागते. दारापुढे शेणाचे पांडव आणि गवळणी मांडायच्या, त्यांवर झेंडूची फुले खोचायची. बीडला बिऱ्हाड केल्यापासून शेण आणण्याचे खाते माझ्याकडे आहे. मागल्या वर्षी मी त्यासाठी सकाळीच गावी गेलो. आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपे, दावणी रिकाम्या. बैल टायरगाड्यांना जुंपून ऊसतोडीला गेलेले, आणि माणसे अर्थातच त्यांच्याबरोबर. लहानपणी ज्या गल्लीत शेणात पाय न भरता शाळा गाठता येत नसे, तिथे मूठभर शेणासाठी मला चार दारे हिंडावे लागले. "एवढं शिकून शेण मागत हिंडतोस व्हय रे?" असे म्हणत अखेर एका म्हातारीने घमेले पुढे केले.

मुकादमाकडून हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम घेतात तिला आमच्याकडे 'उचल' म्हणतात. ती नवरा-बायकोच्या कोयत्याने फेडायची. मौज अशी की शेतकीच्या पुस्तकातही हाच शब्द आहे. पिकाने जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश घेतले की ती 'अन्नद्रव्यांची उचल'. ती फेडायची शेणाने, पालापाचोळ्याने, मुळांनी. आणि खत म्हणजे कर्जाचा दस्तऐवजही! मराठीच्या मास्तराला असे काही सापडले की तो दिवसभर खूश असतो.

माझी खुशी शेजारच्या शेतकऱ्याने उतरवली. "सर, बैल तिकडं वाढं खातो अन् तिकडंच शेण टाकतो. आपलं काय गेलं?" हिशेब चोख होता. मी विचारले, "मग तुमचा कडबा कोणी खाल्ला?"

"इकला की. खाणारं घरी हाय कोण?"

म्हणजे गेले ते कडब्यातून. ज्वारीने जे रानातून उचलले, ते ट्रकमधून दुसऱ्याच्या गोठ्यात आणि तिथून दुसऱ्याच्याच उकिरड्यावर पोचले.

ज्या उसासाठी ही पायपीट, त्याची गोष्ट तर आणखी गमतीची. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काही नसते. म्हणजे ती सारी हवेची आणि पाण्याची. पोतेभर साखर गावाबाहेर गेली तरी जमिनीचे काही जात नाही. जमिनीकडून घेतलेले वाढ्यात, पाचटात, मळीत, प्रेसमडमध्ये राहते. ते रानात परत घातले तर खाते बरेचसे चुकते होते. पण पाचट पेटवले की त्यातला बहुतेक नत्र धुरावाटे जातो. राखेत पालाश बराचसा उरतो. आमच्या कापसाचेही तसेच. धागा निरुपद्रवी, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. जमिनीचा कस सरकीत. सरकी घाण्यावर जाते, पेंड कुणाच्या तरी दुभत्या म्हशीपुढे, आणि त्या म्हशीचे शेण काही आमच्या डोंगरावर चढत नाही.

बाजरीत तुरीचे तास टाकणारे आमचे आजोबा शास्त्र शिकले नव्हते. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि हवेत नत्र 78 टक्के आहे; तिथे तोटा नाही. स्फुरदाला मात्र आभाळ नाही. तो खडकातून येतो, अतिशय सावकाश. म्हणून मोरोक्को-जॉर्डनहून त्याचा दगड आणावा लागतो, आणि त्याची गोणी घेण्यासाठी माणूस मुकादमाकडे पुन्हा उचल मागतो.

शेजाऱ्याने यंदा रानात धनगराची मेंढरे बसवली आहेत. माळावर चरायचे आणि रात्री याच्या वावरात बसायचे. त्याबद्दल पैसे मोजावे लागले, पण त्याची तक्रार नव्हती. "सर, लेंडीमागं माळ चालत येतो घरी," तो म्हणाला. हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

म्हातारीने दिलेले शेण पुरवून पुरवून वापरावे लागले. पाचही पांडव अंगठ्याएवढे झाले, भीमसुद्धा. आईने त्यांना हळदकुंकू वाहिले आणि मला बजावले, "वाळल्यावर टाकून देऊ नकोस. परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी घाल."