काखेत डोंगर आणि कळसूबाईला वळसा

परवा पुन्हा तोच मेसेज आला. "एका दिवसात गोल ट्रेक! घाटातली पाच शिखरं! पहाटे 4 ला निघणार, सूर्योदय माथ्यावर!" माणशी पैसे, नाश्ता, चहा आणि वर सर्टिफिकेट. खाली आपल्याच तालुक्यातल्या पोरांच्या अंगठ्यांची रांग.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल.

पहिली गोष्ट, आपल्या डोंगराला पाच काय, एकही शिखर नाही. मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की समोर भिंतीसारखा अजिंठ्याचा डोंगर दिसतो. राजूर घाट चढून वर गेलं की डोंगर संपतो आणि शेतं सुरू होतात. तो पठाराचा काठ आहे. म्हणून तर आपल्या जिल्ह्यात माणसाची ओळखच 'घाटावरचा की घाटाखालचा' अशी विचारतात. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने नाशिककडचं एखादं पोस्टर उचललं, गावाचं नाव बदललं आणि फॉरवर्ड केलं, बस्स.

पण शिखर नाही म्हणून डोंगर कमी नाही. या काठावर उभं राहून बघा. आपल्या बाजूला पडलेलं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगेतून पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला जातं. पाठीमागे बुलढाण्याच्या बाजूलाच पैनगंगा उगम पावते, तिचं पाणी वर्धा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतं. एका पावसाची सर दोन समुद्रांत वाटली जाते, ती आपल्या उशाशी! आणि आमची पोरं रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून कळसूबाईला रांग लावायला जातात. कळसूबाई 1646 मीटर, राज्यात सगळ्यात उंच, मान्य. जा, जरूर जा. पण घरचा डोंगर एकदा तरी पायाखाली घातला का?

घातला पाहिजे, पण त्याच्या कलाने. माझं भांडण इथेच आहे. सह्याद्रीचं टाइमटेबल इथे चालत नाही.

पहाटे 4 ला निघायचं म्हणे. अरे बाबा, इथे अस्वल आहे! ते रात्री आणि उजाडता-मावळता फिरतं. वारुळं उकरण्यात, बोरं-मोहाची फुलं खाण्यात गुंग असतं, त्याला लांबचं नीट दिसत नाही. वळणावर अचानक समोर आलात तर ते पळत नाही, अंगावर येतं. पिल्लं सोबत असली तर विचारूच नका. घाटाखालच्या कुठल्याही गुराख्याला विचारा, तो अंधारात नाल्याने वर चढणार नाही. आणि आपण वीस जण, मोबाइलची बॅटरी लावून, स्पीकरवर गाणी वाजवत जाणार?

आता हिशोब मांडू. नैस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 पासूनचा साधा नियम आहे: 5 किलोमीटरला 1 तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. आपला गोल समजा 15 किलोमीटरचा, चढ साधारण 300 मीटर. म्हणजे साडेतीन तास. हे झालं तरबेज माणसाचं. आपला वीस जणांचा ग्रुप, त्यात दोघांचे बूट नवे, तिघं फोटोवाले. सरळ दुप्पट धरा, 7 तास. जेवणाचा 1, वाट चुकण्याचा 1. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, पावणेसहाला मावळतो. सव्वासातला चढायला सुरुवात केली तर सव्वाचारला खाली. उजेड हाताशी राहतो आणि अस्वलाची वेळही टळते. यात पहाटे 4 कुठे बसतं सांगा.

गोल वाटेची आणखी एक खोड आहे. अर्धी झाली की परत फिरण्यात फायदा उरत नाही, पुढे जावंच लागतं. म्हणून निघण्याआधीच ठरवायचं की पाय मुरगळला तर कुठून सुटायचं. सह्याद्रीत सुटका खाली असते. आपल्याकडे बहुतेक वेळा ती वर असते! पठारावर शेत आहे, वस्ती आहे, बुलढाण्याचा डांबरी रस्ता आहे, एसटी आहे. घाबरून नाल्याने खाली उतरू नका. काठ धरा, वर निघा. कुठल्या पोस्टरवर हे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि परवानगी. राजूर घाटाच्या पूर्वेला हेच डोंगर पुढे ज्ञानगंगा अभयारण्याला भिडतात. 1997 चं अभयारण्य, 205 चौरस किलोमीटर. आत शिरायला वन खात्याचा परवाना लागतो, तो 1972 च्या कायद्यानेच. टिपेश्वरहून सुमारे 1,300 किलोमीटर चालत 2019 च्या डिसेंबरात इथे आलेल्या वाघाला परवाना लागला नाही, तुम्हाला लागतो. "आम्ही गावचेच" हे वनरक्षकासमोर चालत नाही, आणि चालूही नये.

वन खात्यालाही एक बोलायचंय. फक्त 'प्रवेश बंद' लिहिलेली पाटी लावून पोरं थांबत नाहीत, ती आडवाटेने जातात. अभयारण्याबाहेरचा एखादा गोल आखून द्या, पायथ्याच्या गावांतल्या वन समित्यांना तो चालवू द्या, गुराख्याच्या पोराला वाटाड्याचे पैसे मिळू द्या. आज ते पैसे मेसेज टाकणाऱ्याच्या फोन-पेवर जातात, आणि कोणी हरवलं तर रात्री टॉर्च घेऊन शोधायला मात्र गावातलीच माणसं निघतात.

काळ ऑक्टोबर ते जानेवारी. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम, वाळलं गवत आणि तुमची सिगारेट, नकोच. माणशी 3 लिटर पाणी घरूनच. जानेवारीत नाल्यांवर भरवसा ठेवू नका. सर्टिफिकेटवाल्यांनी याच पोस्टखाली उत्तर द्यावं: वाट आधी स्वतः चाललात का, सोबत गावचा माणूस कोण, आणि परवानगीचा कागद कुठाय?