मुक्या नळ्या

आमच्या नाट्यगृहांनीं ‘ऑर्गन’ हा शब्द इतका आपलासा केला आहे कीं, तो उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें पायांनीं भाता हलवीत वाजवावयाची पेटीच उभी राहते. मला ज्याविषयीं भांडावयाचें आहे, तें वाद्य हें नव्हे. चर्चमधील ऑर्गन ही इमारतींतली दुसरी इमारतच होय. त्यांत प्रत्येक स्वराच्या प्रत्येक नादछटेला स्वतंत्र नळी असते. कांहीं नळ्या पेन्सिलीहून आंखूड, तर मोठ्या वाद्यांत खर्जाची नळी बत्तीस फूट लांब.

गेल्या वर्षीं इंग्लंडांतील एका लहान गांवच्या पॅरिश चर्चमध्यें, म्हणजे त्या वस्तीच्या स्वतःच्या प्रार्थनामंदिरांत, दुपारचें ऑर्गनवादन ऐकण्याचा योग आला. समोर सोनेरी नळ्यांची रांग होती. वादन मला आवडलें, हें आधींच कबूल करतों. उठतांना कळलें कीं, त्या नळ्यांत वारा शिरल्याला कित्येक वर्षें लोटलीं होतीं. आवाज येत होता तो त्यांच्यामागें दडविलेल्या ध्वनिवर्धकांतून!

ही हकीकत मीं एका विद्वान् स्नेह्यांस सांगितली, तेव्हां ते हंसून म्हणाले, “तुम्हांला फरक कळला नाहीं, मग तक्रार कसली?”

हा युक्तिवाद दिसतो तितका नवा नाहीं. हॅमंड यांचें विजेवर चालणारें वाद्य 1935 सालीं बाजारांत आलें, आणि त्याच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या व्यापार-आयोगापुढें वाद उभा राहिला. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत 1937 सालीं नळ्यांचा ऑर्गन व तें वाद्य यांची श्रोत्यांपुढें परीक्षा झाली. जाणकारांचीही पुष्कळदां फसगत झाली. तरीसुद्धां 1938 सालीं आयोगानें त्या कारखान्यास कांहीं दावे करण्याची मनाई केलीच. फसगत हाच समतेचा पुरावा मानावयाचा, तर खोटा रुपया एकदां बाजारांत चालला कीं तो खरा ठरावा!

जुन्या धाटणीच्या ऑर्गनांत वादकाच्या बोटाखालची पट्टी लांकडी दांड्यांनीं थेट नळीखालच्या झडपेला जोडलेली असते. बोट हललें कीं वारा हलतो. नाद निर्माण होतो तो त्याच भिंतींमधल्या हवेंत. उन्हाळ्यांत ती हवा तापली कीं स्वरही चढतो. ध्वनिवर्धकांतून ऐकूं येतें तें बहुधा दुसऱ्याच कोठल्या तरी चर्चमधील नळ्यांचें मुद्रण. म्हणजे त्या गांवच्या लोकांनीं आपल्या घरीं बसून शेजाऱ्याचा आवाज ऐकावयाचा, आणि तो आपलाच समजावयाचा.

काटकसरीचें म्हणाल, तर हिशोब तरी पुरा करा. लंडनच्या लाइमहाउस भागांतील सेंट ॲन या पॅरिश चर्चचा ऑर्गन ग्रे आणि डेव्हिसन यांनीं 1851 च्या महाप्रदर्शनासाठीं बांधला. दुरुस्ती होऊन तो आजही वाजतो. विजेच्या पेटीचे सुटे भाग एका पिढींतच मिळेनासे होतात.

उपासना नसतां देवाच्या घरीं मैफल कशाला, असें कांहीं भाविक विचारतात. त्यांनीं ॲम्स्टरडॅमचा इतिहास पाहावा. 1578 सालीं तें शहर सुधारक पंथाकडे गेलें आणि उपासनेंतून ऑर्गन हद्दपार झाला. पण वाद्यें शहराच्या मालकीचीं होतीं. शहराचा पगारी वादक स्वेलिंक औडे केर्क या जुन्या पॅरिश चर्चमध्यें उपासनेच्या आधीं व नंतर नागरिकांसाठीं वाजवीत राहिला. उपासनेनें टाकलेलें वाद्य वादनानें जगविलें! लंडनच्या कॉर्नहिल भागांतील सेंट मायकेलमध्यें हॅरल्ड डार्क यांनीं सोमवारचीं वादनें सुरू केलीं तीं 1916 सालीं, ऐन महायुद्धांत. पन्नास वर्षें ते तेथें वादक होते, आणि 2016 सालीं त्या प्रथेची शताब्दी झाली. भोवतालच्या पेढ्यांतले कारकून दुपारच्या सुटींत तेथें येऊन बसत. त्यांपैकीं कितीजणांची श्रद्धा होती, हें विचारण्याची गरज कोणास वाटली नसावी.

त्या लहान गांवीं निघतांना दाराशीं वर्गणीची थाळी होती. पैसे छपरासाठीं, असें तेथील व्यवस्थापक म्हणाले. छप्पर आधीं, हें मलाही मान्य आहे. मीं विचारलें, “आणि छप्पर झाल्यावर?” नळ्यांना नुकताच नवा मुलामा दिला असल्याचें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें.