हाड जुळले, आता सळई काढायची का?

दीड वर्षापूर्वी दौलताबादच्या किल्ल्याजवळ दुचाकीची धडक बसून माझ्या वडिलांच्या उजव्या पायाची नडगी मोडली. शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. हाडाच्या पोकळीत सळई बसवली, वर-खाली स्क्रू लावले. आज ते पूर्वीसारखे फळांच्या पाट्या उचलतात. पण आता नवाच प्रश्न उभा आहे : सळई काढायची की राहू द्यायची?

गावात सल्ल्याला तोटा नाही. "लोखंड आत गंजतं," असे शेजारी सांगतात. "जाताना देहात लोखंड नको," असे आजी म्हणते. रुग्णालयाच्या कार्डावर इंग्रजीत एकच ओळ आहे : दीड वर्षाने सळई काढणे. का, ते लिहिलेले नाही. आमच्या घरात ती ओळ वाचू शकणारा मी पहिलाच. पण वाचता येणे वेगळे आणि उमजणे वेगळे.

म्हणून दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारले. क्युन्चर या जर्मन शल्यविशारदाने १९३९ साली मांडीच्या हाडात अशी सळई बसवली, तेव्हापासून ही पद्धत पसरली. आजची सळई न गंजणाऱ्या पोलादाची वा टायटॅनियमची असते. प्रौढ माणसाला त्रास नसेल तर ती जन्मभर राहिली तरी सहसा बिघडत नाही. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू टोचू लागला, तर काढण्यास कारण असते. मात्र काढायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि स्क्रूची भोके भरून येईपर्यंत काही आठवडे जड ओझे बंद. हातावर पोट असणाऱ्याला हे 'काही आठवडे' म्हणजे सीताफळाचा अख्खा हंगाम!

सळई कधीच काढू नये, असे माझे म्हणणे नाही. काढण्याचे कारण, खर्च आणि न काढल्यास काय होईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, परंतु "डॉक्टरसाहेबांना कसं विचारायचं?" म्हणणाऱ्या माझ्या वडिलांपर्यंत ती पोचलेली नाही.

पाय दुखत नाही, म्हणून सळई तूर्त राहू द्यायची, असे वडिलांनी ठरवले आहे. पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे. पण प्रश्न तेच विचारणार आहेत. मित्रहो, आपल्याही घरी असे एखादे कार्ड ट्रंकेत पडले असेल. सुटीत गेलात की ते वाचून दाखवा.